विलंबाची फिर्याद



रत्नागिरीहून दक्षिणेकडे पांवसच्या वाटेनें निघालें, कीं मुचकुंदी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें एका लहानशा टेकडीवर पूर्णगडाचा किल्ला दिसूं लागतो. अलीकडे किल्ला व त्याच्या पायथ्याची वस्ती, पलीकडच्या तीरावर गांवखडी, आणि मध्यें खाडीचें संथ पाणी. सागरी दुर्गांची मालिका येथें पूर्ण झाली म्हणून याचें नांव पूर्णगड पडलें, असें तिकडे सांगतात. दंतकथेला कागदाचा आधार मागण्यांत फारसें स्वारस्य नसतें. परंतु 'पूर्ण' या शब्दापाशीं मात्र मन थोडें घुटमळतें. किल्ला बांधून पूर्ण झाला, बुरूज पूर्ण झाले. पण त्या बुरुजांच्या भोंवतालच्या मुलखांतील जमिनीचे, बांधांचे, माडांचे आणि भाऊबंदकीचे कज्जे पिढ्यान्‌पिढ्या अपूर्णच राहिले. खोत आणि कूळ यांचा वाद आजोबानें सुरू करावा आणि नातवानें त्याच्या तारखा मोजाव्या, हें कोंकणास नवीन नाहीं.

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घरोघरीं आहे. न्यायाधीश अन्यायी असतात, असें ती म्हणत नाहीं. न्याय मिळेपर्यंत माणूस उरेल कीं नाहीं, ही शंका तिच्या पोटांत आहे. आजच्या भाषणाचा विषय हीच शंका होय. दोघांच्या वादाचा निकाल न्यायालय देतें, हें ठीक. पण न्यायालयानेंच त्या निकालास वीस वर्षें लावलीं, तर त्या विलंबाची फिर्याद कोणापुढें न्यावयाची? आणि ती मिटवावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें?

प्रथम मराठेशाहीकडे पाहूं. त्या काळीं तंटा गोतसभेपुढें किंवा पंचायतीपुढें येई. फिर्याद करणारा तो अग्रवादी आणि उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांच्या तकरिरा लिहून घेत आणि मग दोघांकडूनही 'राजीनामा' घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. त्या काळीं तो, पंच जें सांगतील तें आम्हांस मान्य आहे, असा राजीखुशीचा लेख असे. त्याच्या पाठोपाठ जामीन द्यावा लागे. निवाडा झाल्यावर हरलेल्या पक्षाकडून 'येजितखत' लिहून घेत. आपली बाजू खोटी ठरली, अशी ती त्याच्याच हातची कबुली. जिंकणारा सरकारांत हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी. या सर्व कागदांमागें एकच धोरण दिसतें: वाद एकदाचा संपावा, आणि संपला आहे हें हरलेल्यानेंही मान्य करावें.

परंतु जुनें तें सर्व सोनें, असें मानण्याचें कारण नाहीं. १८१९ सालीं एल्फिन्स्टननें पेशव्यांच्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत पंचायतीचे गुण त्यानें मोकळ्या मनानें सांगितले, आणि दोषही तितक्याच स्पष्टपणें. पंचायत मिळविण्याची ठराविक रीति नव्हती. पंचांचा निवाडा अंमलांत आणण्याची सरकारची शिस्तवार व्यवस्था नव्हती. ज्याच्यापाशीं वजन असे त्याला पंच मिळत, दुबळ्यास वाट पाहावी लागे. म्हणून तगाद्याचा मार्ग रूढ झाला होता. धनकोनें ऋणकोच्या दारांत ठाण मांडावें, त्याला घराबाहेर पडूं देऊं नये, आणि अशा रीतीनें त्याला तडजोडीस आणावें. न्यायसंस्था वेळेवर पावली असती, तर लोकांना दारांत बसण्याची पाळी आली नसती. शिवाय वतनाचे वाद एका ठिकाणीं हरले म्हणजे दुसऱ्या ठिकाणीं पुन्हां उकरून काढीत. गिनीजच्या विक्रमांच्या पुस्तकांत तर पुण्याच्या एका थोरात घराण्याचा मानपानाचा दावा जगांतील सर्वांत लांबलेला खटला म्हणून नोंदला गेला. १२०५ सालीं पूर्वजानें मांडलेल्या दाव्याचा निकाल १९६६ च्या एप्रिलांत वंशजाच्या बाजूनें लागला, असें तें पुस्तक म्हणतें. ७६१ वर्षांचा हा आंकडा इतिहासाच्या तराजूंत तोलूनच घ्यावा लागेल. पण आमच्या समाजांत मानाचा तंटा किती चिवट असतो, हें त्यावरून कळावें.

१८१८ मध्यें कोंकणचे किल्ले इंग्रजांकडे गेले, त्यांत पूर्णगडही गेला. १८२७ च्या मुंबईच्या कायद्यांनीं नवीं न्यायालयें आलीं. त्यांची पायरी-पायरीची रचना, लेखी पुरावा, अपील, अपिलावर अपील, ही एका अर्थानें मोठी सुधारणाच होती. ज्या राष्ट्राची ही न्यायपद्धति, त्याच्या राजानें १२१५ सालींच मॅग्ना कार्टा या सनदेंत वचन दिलें होतें, कीं आम्ही कोणास न्याय विकणार नाहीं, नाकारणार नाहीं, कीं लांबणीवर टाकणार नाहीं. या तिहींतील शेवटचें कलम हिंदुस्थानांत कितपत पाळलें गेलें, हें दोन प्रसिद्ध खटल्यांवरून पाहूं. दोन्ही खटल्यांचे धागे कोंकणाशीं जुळलेले आहेत.

पहिला खटला रत्नागिरींत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचा. पुण्याचे सरदार बाबामहाराज हे १८९७ च्या ऑगस्टांत वारले. त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणें टिळक हे विश्वस्तांपैकीं एक होते. १९०१ मध्यें बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज यांनीं औरंगाबादेस दत्तक घेतला. पुढें त्यांनींच तो नाकारला, आणि वाद न्यायालयांत गेला. टिळकांवर खोट्या शपथेचा फौजदारी आरोप आला, १९०३ मध्यें शिक्षा झाली, आणि १९०४ मध्यें हायकोर्टानें ती रद्द केली. दिवाणी दावा निराळाच चालला होता. १९०६ मध्यें खालच्या न्यायालयानें टिळकांच्या बाजूनें निकाल दिला. १९१० मध्यें ते मंडालेच्या तुरुंगांत असतां हायकोर्टानें तो फिरविला. आणि १९१५ च्या मार्चांत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें पुन्हां टिळकांची बाजू उचलून धरली. दत्तकविधानापासून शेवटच्या निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षें. टिळक स्वतः कायद्याचे पंडित, मनानें वज्र, आणि पाठीशीं लोकांचें प्रेम. ज्याच्यापाशीं यांपैकीं कांहींच नाहीं, त्यानें चौदा वर्षें कशाच्या बळावर काढावीं?

दुसरा खटला महाडचा. याचें मोल पैशांत होत नाहीं, म्हणून त्याविषयीं थोडें विस्तारानें बोलतों. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावे, असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १९२३ मध्यें झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेनेंही आपल्या तळ्यापुरता त्याला मान दिला होता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह चवदार तळ्यावर गेले व तेथलें पाणी प्याले. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह व्हावयाचा होता. तेवढ्यांत १२ डिसेंबर रोजीं कांहीं सवर्ण नागरिकांनीं महाडच्या न्यायालयांत दावा लावला, आणि १४ तारखेस तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तळें खासगी आहे, आणि अस्पृश्यांनीं तेथें न येण्याची वहिवाट पुरातन आहे, असें त्यांचें म्हणणें. डिसेंबरच्या परिषदेस हजारों लोक जमलेले असतांना आंबेडकरांनीं न्यायालयाचा मान राखला व सत्याग्रह तहकूब करविला.

आतां पुढच्या तारखा ऐका. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारींत उठला. मूळ दावा मात्र चालूच राहिला. त्याचा निकाल १९३१ च्या जूनमध्यें प्रतिवादींच्या बाजूनें लागला. वादींनीं ठाण्यास अपील केलें. तें १९३३ च्या जानेवारींत फेटाळलें गेलें. मग दुसरें अपील हायकोर्टांत. न्यायमूर्ति ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ति वाडिया यांनीं १७ मार्च १९३७ रोजीं तेंही फेटाळलें. पुरातन वहिवाट सिद्ध झाली नाहीं, असा निर्णय झाला. हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्यें अहमदाबादेस महात्मा गांधींच्या खटल्याचे न्यायाधीश होते. तिन्ही न्यायालयांत सत्य पक्ष जिंकला. पण २० मार्च १९२७ पासून १७ मार्च १९३७ पर्यंत मोजा: दहा वर्षांना तीनच दिवस कमी! ज्या दिवशीं महाडास पाणी प्याले त्या दिवशीं जन्मलेलें मूल शेवटच्या निकालाच्या वेळीं चौथीच्या पुस्तकापर्यंत येऊन ठेपलें असेल. ओंजळभर पाण्याचा निर्णय करावयास एवढा काळ लागला.

येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. महाडच्या प्रकरणांत अन्याय दोन होते. पाणी नाकारणें हा पहिला, आणि तो समाजानें केलेला. पाण्याचा निकाल दहा वर्षें न लागणें हा दुसरा, आणि तो राज्यसंस्थेच्या हातून घडलेला. पहिल्या अन्यायाची दाद अखेर लागली. दुसऱ्याची दाद मागावयाची सोयच त्या काळीं नव्हती. किंबहुना त्याला स्वतंत्र नांवही नव्हतें. विलंब म्हणजे पाऊस किंवा भरती-ओहोटी यांसारखी कोणाच्याही हातीं नसलेली गोष्ट, असें वादी, वकील आणि न्यायाधीश सारेच धरून चालत.

हें नांव जगानें हळूहळू दिलें. १० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. त्यांत निःपक्षपाती न्यायालयाचा हक्क आहे. परंतु वेळेचा उल्लेख नाहीं. तो आला १९५० च्या नोव्हेंबरांत रोम येथें झालेल्या युरोपीय करारांत. त्याच्या सहाव्या कलमानें प्रत्येकास 'वाजवी मुदतींत' सुनावणीचा हक्क दिला, आणि हा हक्क मोडल्याची तक्रार कालांतरानें स्ट्रासबुर्गच्या न्यायालयापुढें नेतां येऊं लागली. फ्रान्सच्या पूर्व सीमेवरचें हें शहर. तेथें तक्रारदार असें म्हणत नाहीं, कीं माझी जमीन मला द्या. तो म्हणतो, कीं माझ्या जमिनीचा निकाल लावण्यास माझ्या देशानें फार वर्षें लावलीं, त्याचा जाब द्यावा. एवढाच प्रश्न, पण तो स्वतंत्र.

मुदत वाजवी कीं अवाजवी हें ठरविण्यास त्या न्यायालयाच्या चार कसोट्या आहेत. प्रकरण किती गुंतागुंतीचें होतें? तक्रारदारानें स्वतः किती वेळ खाल्ला? सरकारी यंत्रणेनें व न्यायालयांनीं किती खाल्ला? आणि तक्रारदाराचें त्यांत काय पणास लागलें होतें? महाडच्या काळीं असा कोणताही करार आपल्यावर बंधनकारक नव्हता. तरी या कसोट्या त्या खटल्यास लावून पाहाव्या. दावा तळ्याच्या मालकीचा व वहिवाटीचा, म्हणजे पुरावा थोडा किचकट खरा. अपिलें केलीं तीं हरलेल्या वादींनीं, प्रतिवादींनीं नव्हे. आणि पणास काय लागलें होतें? पाणी, आणि माणसाची प्रतिष्ठा. शेवटची कसोटी सर्वांत जड आहे. ज्याचें जितकें मोठें पणास लागलें असेल तितकी अधिक त्वरा न्यायालयानें केली पाहिजे.

आतां अशी तक्रार मिटते कशी, तें सांगतों. पुष्कळदां स्ट्रासबुर्गचें न्यायालय पूर्ण निकालापर्यंत जात नाहीं. तें दोन्ही पक्षांना स्नेहाच्या तडजोडीची संधि देतें. सरकार एक रक्कम देऊं करतें; तक्रारदार ती घेतो व या विलंबाबद्दल पुढें कांहीं मागणार नाहीं असें लिहून देतो. मानवी हक्कांचा मान राखून ही तडजोड झाली आहे ना, हें न्यायालय स्वतः तपासतें, आणि मगच प्रकरण यादींतून काढतें. सरकार शब्द पाळतें कीं नाहीं, यावर मंत्रिसमितीची देखरेख असते. तक्रारदारानें वाजवी देकारही नाकारला, तर सरकार एकतर्फी जाहीर निवेदन करूं शकतें. मात्र मग आपल्या हातून हक्काचा भंग झाला हें त्यानें कबूल करावें लागतें आणि भरपाईही द्यावी लागते. हें ऐकून आपणांस कांहीं आठवलें का? राजीखुशीचा लेख म्हणजे जुना राजीनामा. आणि चुकल्याची कबुली म्हणजे येजितखत. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, कीं येथें येजितखत लिहून देणारें खुद्द राज्य असतें.

ही पद्धति निर्दोष आहे असें नाहीं. तक्रारींचा इतका पूर लोटला, कीं २००० सालीं त्या न्यायालयानें एका पोलिश प्रकरणांत स्पष्ट सांगितलें, विलंबावरचा इलाज प्रत्येक देशानें आपल्या घरींच उपलब्ध केला पाहिजे. इटलीनें २००१ मध्यें तसा कायदा केला. पिंटो या सिनेटरच्या नांवानें तो ओळखला जातो. विलंबाची भरपाई आतां तेथील अपील न्यायालय ठरवूं लागलें. पण पुढें काय झालें? भरपाईची रक्कमच हातीं पडेना! विलंबाच्या भरपाईस झालेल्या विलंबाची तक्रार पुन्हां स्ट्रासबुर्गास गेली, आणि २००६ मध्यें इटलीस त्याबद्दल बोल लागला. पैसा देऊन विलंब विकत घेण्याची संवय एखाद्या सरकारास लागली, तर मॅग्ना कार्टाचें वचन उलटेंच व्हावयाचें.

आपल्या देशांत या हक्काचा उदय निराळ्या वाटेनें झाला. घटनेच्या २१ व्या कलमांत जीविताचें व व्यक्तिस्वातंत्र्याचें रक्षण आहे. त्वरित न्यायाचा शब्द तेथें नाहीं. १९७९ मध्यें बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. कित्येकजण, आरोप सिद्ध झाला असता तरी जेवढी जास्तींत जास्त शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ खटल्याविनाच कोठडींत होते. न्यायमूर्ति भगवतींनीं सांगितलें, कीं त्वरित खटल्याचा हक्क २१ व्या कलमाच्या पोटांतच आहे. १९८३ मध्यें बिहारचाच एक कैदी पुढें आला. १९६८ मध्यें निर्दोष सुटलेला हा माणूस १९८२ पर्यंत तुरुंगांतच राहिला होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनीं त्याला पूर्वींच्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये भरपाई देवविली. हरवलेल्या चौदा वर्षांपुढें ही रक्कम काय? पण मूलभूत हक्क मोडल्याबद्दल राज्यानें नागरिकास पैसे मोजावे, हें तत्त्व त्या निकालानें रुजविलें.

त्या हक्काचें शास्त्र मात्र एका कोंकणी माणसाच्या खटल्यांत लिहिलें गेलें. रायगड जिल्ह्यांतील आंबेत गांवचे अब्दुल रहमान अंतुले १९८० ते १९८२ या काळांत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांच्यावरील फौजदारी खटला १९८२ मध्यें सुरू झाला. १९८४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो मुंबई हायकोर्टाकडे सोंपविला. १९८८ मध्यें सात न्यायमूर्तींनीं, आपलाच तो आदेश चुकला, असें म्हणून तो मागें घेतला. अखेर १० डिसेंबर १९९१ रोजीं, म्हणजे योगायोगानें मानवी हक्कदिनींच, पांच न्यायमूर्तींच्या पीठानें त्वरित खटल्याविषयीं अकरा सूत्रें घालून दिलीं. हा हक्क तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यास लागू आहे. विलंब कोणामुळें झाला हें पाहिलें पाहिजे. आणि अमुक वर्षें झालीं म्हणजे खटला आपोआप संपला, अशी सरसकट मुदत घालतां येणार नाहीं, असें त्यांचें सार. २००२ मध्यें सात न्यायमूर्तींनीं हेंच कायम केलें. स्ट्रासबुर्गच्या कसोट्या आणि ही सूत्रें यांचें नातें सहज दिसून येतें.

तथापि आपल्याकडे एक उणीव राहिली आहे. त्वरित न्यायाचा हक्क मान्य झाला. पण दिवाणी दाव्याच्या विलंबाबद्दल नागरिकानें भरपाई कोठें मागावी, हें सांगणारा इटलीसारखा कायदा आपण केलेला नाहीं. १९९३ च्या कायद्यानें राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आला. परंतु न्यायप्रविष्ट बाब तो सहसा हातीं घेत नाहीं, आणि वर्षाहून जुन्या घटनेची चौकशी करतां येत नाहीं. पूर्णगडच्या एखाद्या घरांतील दावा वीस वर्षें रेंगाळला, तर हायकोर्टास विनवून, अमुक मुदतींत निकाल लावा, असा आदेश मिळवितां येतो. किंवा लोकअदालतींत जातां येतें. १९८७ च्या कायद्यानें तेथील तडजोडीस हुकूमनाम्याचें बळ दिलें आहे, आणि तिच्यावर अपील नाहीं. जुन्या राजीनाम्याचाच हा नवा अवतार म्हणावयास हरकत नाहीं.

पण येथेंच सावध राहिलें पाहिजे. लोकअदालत वाद मिटविते. विलंबाचा जाब ती विचारीत नाहीं. आणि थकलेल्या माणसानें केलेली तडजोड दर वेळीं राजीखुशीचीच असते असें नाहीं. महाडच्या लोकांना कोणी म्हटलें असतें, दहा वर्षें कशाला भांडतां, तळ्याचा एक कोपरा घ्या आणि मिटवा, तर तें शहाणपण झालें असतें का? नाहीं. बांधाची तडजोड होते, पैशाची होते, गेलेल्या वर्षांच्या भरपाईचीही होते. मूळ हक्काची होत नाहीं. स्ट्रासबुर्गची पद्धति मला मोलाची वाटते ती याचसाठीं. तेथें तडजोड होते ती विलंबापुरती, आणि तीही न्यायालयाच्या डोळ्यांदेखत. मूळ हक्कास ती हात लावीत नाहीं.

आमच्या पूर्वजांनीं हरलेल्याकडून येजितखत लिहून घेतलें, कारण कबुलीवांचून वाद खरा संपत नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. राज्यालाही चूक होते, आणि ती त्यानें लिहून द्यावी, हें पाऊल मात्र त्यांना सुचलें नाहीं; तें आपल्या युगाचें आहे. ज्यांचीं वर्षें कज्जांत गेलीं त्यांना तीं कोणतेंही न्यायालय परत देऊं शकत नाहीं. निदान तीं वर्षें आमच्यामुळें गेलीं, एवढें तरी राज्यानें सहीनिशीं लिहून द्यावें. तेवढा कागद हातीं पडल्यावांचून त्यांचा कज्जा पूर्ण झाला, असें कोणी म्हणूं नये.